पायाखालचा बेडूक

ब्रेकवर पाय दाबला की पायाखाली काहीतरी धडधडायचं. लहानपणी एकदा मोरीत अनवाणी पाय बेडकावर पडला होता. तळव्याखाली ते थंड, मऊ, जिवंत उडणं मला अजून आठवतं. तसंच हे. चपलेच्या जाड तळातूनसुद्धा ते वर पोटरीपर्यंत चढायचं, आणि पाठोपाठ स्टिअरिंग हातात थरथरायचं. थंडी भरलेल्या माणसाचा हात धरावा, तसं.

मी काही नाजूक बाई नाही. एका तपासणी प्रयोगशाळेत अर्धा दिवस काम करते. येणाऱ्या बाटल्यांवर आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावते, नोंद करते. त्या डब्यांत काय असतं ते सांगायला नको. त्यात आता अडीच वर्षांची मुलगी. माझ्यातली किळस केव्हाच मेली, अशी माझी समजूत होती. त्या पेडलने ती परत जिवंत केली.

गाडी सासऱ्यांची. वय बावीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी गाडी चालवणं सोडलं, तेव्हा किल्ली माझ्या हातात आली. "सुनेला गाडी दिली हो आम्ही," असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. दिलं म्हणजे काय दिलं? आत बसलं की जुन्या स्पंजचा, सांडून आंबलेल्या दुधाचा आणि ओल्या पायपुसण्याचा एकत्र वास. काचेची बटणं हाताला चिकटतात. गिअरच्या खोबणीत कोणत्या तरी काळातली एक चघळून टाकलेली गोळी आहे, तिला केस चिकटलेत. मी ती चाकूने खरवडून पाहिली. निघाली नाही.

पण बस त्या बाजूला जात नाही. त्यामुळे रोज सकाळी मुंगीला (माझ्या मुलीला सगळे मुंगी म्हणतात, ती सतत काहीतरी तोंडात धरून चाललेली असते म्हणून) मागच्या सीटवर तिच्या खुर्चीत बांधायचं आणि पाळणाघरात सोडायचं. वाटेत दोन किलोमीटरचा उतार. उताराच्या तळाशी चौक, चौकात शाळा, शाळेसमोर पांढरे पट्टे, आणि पट्ट्यांवर सकाळी सगळ्यांची मुलं.

"ब्रेक धडधडतोय," मी नवऱ्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो मोबाइल बघत होता.

"एबीएस असेल. ते लागलं की पेडल असंच थरथरतं."

"अरे, या गाडीत एबीएस कुठून आलं? ही निघाली तेव्हा ते फक्त महागड्या गाड्यांत होतं."

"मग जुनी गाडी आहे. धडधडणार. माझेपण गुडघे वाजतात."

"तुझ्या गुडघ्यावर मी मुंगीला बसवून उतार उतरत नाही."

"तू ना," तो हसला, "बाळंतपणानंतर जरा जास्तच घाबरट झालीयेस." आणि परत मोबाइलमध्ये.

हे 'जरा जास्तच' आमच्या घरात मिठासारखं वापरतात. माझ्या प्रत्येक बोलण्यावर चिमूटभर.

मुंगी जन्मली तेव्हापासून माझी एक वही आहे. दूध किती वाजता, ताप किती, शी केव्हा, रंग कसा. नवरा तिला 'शीची वही' म्हणतो आणि पाहुण्यांना हसत दाखवतो. त्याच वहीत मी मागच्या पानांवरून सुरुवात केली. 'सोमवार. उतारावर, साठच्या वेगाला जोरात. वीसच्या खाली हळू. स्टिअरिंगही हलतं.' 'मंगळवार. तसंच. पाऊस नाही, गरमी नाही.' 'गुरुवार. रिकाम्या मैदानात गाडी हळू चालवून नुसता हँडब्रेक ओढला. धडधड नाही.' हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो, हे मी वाचलं होतं. म्हणजे दुखणं पुढच्या चाकांत.

ही वही घेऊन मी मिस्त्रीकडे गेले. वीस वर्षं आमची गाडी बघणारा मिस्त्री. बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, त्याच्यावर इतका विश्वास की त्याने चाकं काढून छपरावर बसवली तरी ते मान डोलावतील. त्याच्या गॅरेजात पाय कुठे ठेवावा हेच कळत नाही. जमिनीवर काळं, चकचकीत, चिकट काहीतरी थरावर थर. भिंतीवर हातांचे ठसे. त्याने चहाचा ग्लास माझ्यासमोर धरला, कडेवर अंगठ्याची काळी पट्टी. मी नको म्हटलं. मग तोच चहा तो प्यायला, फुर्र फुर्र करत, आणि ज्या फडक्याने स्पॅनर पुसला त्याच फडक्याने मिशी पुसली.

"डिस्क वाकडी झाली वहिनी," त्याने वहीकडे न बघताच सांगितलं. "चाकाच्या आत ती लोखंडी थाळी असते ना, ब्रेक तिला दोन्हीकडून चिमटीत पकडतो. थाळी सपाट नसली की तुमच्या पायाला धक्के. लेथवर घासून देतो, एकदम आरसा."

त्याने घासून दिली. बेडूक गेला. मी दोन रात्री नीट झोपले.

दोन आठवड्यांनी तो परत आला.

परत गॅरेज, परत लेथ, परत आरसा. परत बेडूक. तिसऱ्यांदा मी मिस्त्रीला विचारलं, "ही पुन्हा पुन्हा वाकडी होते कशी?"

"बायका ब्रेकवर पाय ठेवूनच चालवतात ना," तो म्हणाला, आणि मागे बाकावर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांनी दात काढले. एकाच्या दातात सकाळचं काहीतरी अडकलेलं होतं. ते मला अजून दिसतं.

मी घरी येऊन हे सांगितलं. नवरा हसला नाही, पण ओठ दाबले. न हसण्याचा तो प्रकार हसण्यापेक्षा घाण असतो.

मग तो बुधवार. उतार संपत आलेला, पुढे पट्टे, पट्ट्यांवर एक आजीबाई आणि तिच्या हाताला दप्तरवाली नात. मी वेळेवर ब्रेक दाबला. पायाखाली ते इतक्या जोरात उसळलं की माझा पाय आपोआप वर आला. पालीवरून उचलावा तसा. विचार न करता, निव्वळ शिसारीने. अर्धा सेकंद असेल. गाडी मोकळी सुटली. मी परत पाय आपटला आणि गाडी पहिल्या पांढऱ्या पट्ट्यावर चाकं टेकवून थांबली.

आजीबाई हलली नाही. तिने छत्रीच्या दांड्याने बॉनेटवर दोनदा ठोकलं, दार वाजवावं तसं, आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मागे मुंगी म्हणाली, "आई, टकटक."

त्या दिवशी मी वहीत एवढंच लिहिलं: 'माझा पाय उचलला गेला.' आणि ठरवलं, या महिन्यात हे कळलं नाही तर मुंगी या गाडीत बसणार नाही. मग नोकरी राहो की जावो.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे बघ, गाडीत काही नाहीये. तू घाबरून पाय उचललास." असं म्हणताना त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मांजरीच्या डोक्यावरून फिरवतात तसा.

शनिवारी पुढचं चाक पंक्चर झालं. एरवी मी कपाळाला हात लावला असता. त्या चाकाचे आज मी उपकार मानते.

चौकाच्या अलीकडे एक टायरवाला आहे. पन्नाशीचा, हडकुळा, कमी बोलणारा. त्याचं दुकान इतकं झाडलेलं की मला संशयच आला. हत्यारं भिंतीवर, प्रत्येक हत्याराच्या मागे त्याचा आकार रंगवलेला. त्याने चाकाच्या नटाला पाना लावला आणि जोर दिला. नट हलेना. त्याने परत जोर दिला. मग पान्यावर उभा राहिला. कर्रकन आवाज करून नट सुटला. दुसरा त्याहून घट्ट. तिसरा मात्र सहज निघाला.

त्याने पाना खाली ठेवला. "घरी कुणी पहिलवान आहे का, ताई?"

"का?"

"हे नट माणसाने आवळलेले नाहीत, बैलाने आवळलेत. आणि तेही एकामागून एक, गोल फिरत. तव्यावर भाकरी एकाच बाजूने दाबली तर दुसरी बाजू वर येते की नाही? तसं होतं. या नटांच्या मागेच ब्रेकची डिस्क बसते. एकीकडे जास्त दाब, एकीकडे कमी, मग डिस्क तिरकी धरली जाते. तिरकी फिरून फिरून ब्रेकच्या चिमटीतले पॅड तिला एकाच जागी खातात. ब्रेक दाबल्यावर पायाला काही लागतं का?"

मी नुसती मान हलवली. मला एवढं बरं वाटलं की रडू आलं, आणि त्या हडकुळ्या माणसासमोर रडण्याची लाज वाटली म्हणून मी मुंगीचं नाक पुसायला लागले. ते स्वच्छ होतं.

त्याने डिस्कला घड्याळासारखं एक मापक लावलं आणि ती हाताने सावकाश फिरवली. काटा पुढे जायचा, मागे यायचा. "बघा, नाचतेय," तो म्हणाला. मग डिस्कची जाडी मोजली, आणि तिच्या कडेवरचा गंज बोटाने पुसून मला वाकून बघायला लावलं. तिथे एक आकडा कोरलेला होता. "याच्यापेक्षा पातळ झाली तर फेकून द्यायची, असं बनवणाऱ्यानेच लिहून ठेवलंय. तुमची त्याच्याखाली गेली. कोणी घासली हो एवढी?"

"किती दिवस चालेल?"

"दिवस विचारू नका. उतारावरून नेऊ नका."

मी वही काढली. तिथेच, त्याच्या स्टुलावर बसून, तारखा लावल्या. गॅरेजची तारीख. मग महिन्याचा पहिला रविवार. मग दहा-बारा दिवसांनी बेडूक. परत गॅरेज. पहिला रविवार. बेडूक. तिन्ही वेळा.

पहिल्या रविवारी आमच्याकडे काय होतं ते पाळण्यातलं पोरही सांगेल. बाबा चाकं आवळतात. अंगणात शर्टाच्या बाह्या दुमडून, चाकाचा पाना आणि त्याला जोडायला जुन्या पलंगाचा एक हातभर पाइप घेऊन. पाइपमुळे जोर तिप्पट लागतो. एक नट, त्याच्या शेजारचा, त्याच्या शेजारचा, गोल. चारही चाकं. शेवटी पाइपवर पाय देऊन एक दणका. तीस वर्षांपूर्वी, आधीच्या गाडीचं पुढचं चाक भर रस्त्यात निखळलं होतं. नवरा तेव्हा चार वर्षांचा, मागच्या सीटवर. कुणाला काही झालं नाही. पण तेव्हापासून बाबांनी एक रविवार चुकवलेला नाही. सगळे पायरीवर चहा घेऊन बसतात आणि कौतुकाने बघतात. मीही बघायचे. मला तर त्या घरात तेवढाच एक माणूस काळजी करणारा वाटायचा.

टायरवाल्याकडे गाडी ठेवून मी मुंगीला कडेवर घेऊन थेट मिस्त्रीकडे गेले. नट, पाइप, सगळं सांगितलं. मला वाटलं, तो ओशाळेल. तो मोठ्याने हसला.

"तुम्हाला आत्ता कळलं होय, वहिनी?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मी नट खोलतो ना दर वेळी. पाइपाने आवळलेला नट मला कळणार नाही?" त्याने फडक्याने मान पुसली. "आता बाबा एवढे मोठे. त्यांना मी कोण सांगणार? ते आवळतात, मी घासतो. आणि साहेबांना सांगितलं होतं की मी."

"कोणत्या साहेबांना?"

"तुमच्या. मागच्या वर्षीच. ते म्हणाले, राहू दे, म्हाताऱ्याचा विरंगुळा आहे."

गॅरेजचा तो वास, तेलाचा, जळक्या रबराचा, त्याच्या घामाचा, एकदम घशाशी आला. मी बाहेर जाऊन गटाराच्या कडेला उभी राहिले. ओकले नाही. मुंगी माझ्या पाठीवर थापटत होती, मी तिच्या पाठीवर थापटते तशी.

मागच्या वर्षी. म्हणजे मी पहिल्यांदा 'धडधडतंय' म्हटलं, तेव्हा त्याला कारण माहीत होतं. एबीएस म्हणाला तेव्हा माहीत होतं. गुडघे म्हणाला तेव्हा. आजीबाईने बॉनेटवर ठोकलं त्या संध्याकाळी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हासुद्धा.

मी घरी येऊन विचारलं. त्याने नाकारलं नाही, हे त्यातलं सगळ्यात घाण.

"अगं, बाबांना तेवढं एकच काम उरलंय. ते काढून घेऊ? आणि मिस्त्री नीट करून देतोय ना दर वेळी."

"डिस्क संपलीये. मुंगी त्या गाडीत बसते."

"झालं का काही? नाही ना झालं?"

"तू मला वेडी ठरवलंस."

"वेडी कुठे म्हटलं? घाबरट म्हटलं."

तो केळं खात होता. एका गालात घास धरून बोलत होता, आणि बोलताना तो घास मला दिसत होता. सहा वर्षांत मी त्याला शेकडो केळी खाताना पाहिलं असेल. आताच काय झालं होतं, कोण जाणे. मी उठून मुंगीच्या खोलीत जाऊन झोपले.

दुसरा दिवस पहिला रविवार. टायरवाल्याने पंक्चर काढून, चाक बसवून, गाडी लांबच्या, कमी चढाच्या रस्त्याने अंगणात आणून ठेवली होती. डिस्क नव्या घालायच्या, त्या सोमवारी येणार होत्या. बाबा बाह्या दुमडून आले. पाना, पाइप. सासूबाई चहा घेऊन पायरीवर. नवरा शेजारी. मला डोळ्यांनी खुणावत होता: बोलू नकोस.

"बाबा, थांबा जरा," मी म्हटलं. आवाज फाटला, पण थांबला नाही. मी वही उघडली आणि वाचलं. तारखा, उतार, हँडब्रेक, आजीबाई, 'माझा पाय उचलला गेला'. मग टायरवाल्याचं बोलणं. तव्यासकट.

बाबा पाइप हातात धरून ऐकत होते. संपलं तेव्हा म्हणाले, "पेडल धडधडतं?"

"चार महिने."

"मला कसं कळणार? मी चालवत नाही." त्यांनी पाइपकडे पाहिलं. "मला कुणी सांगितलं का नाही?" मग पायरीकडे वळून, "कुणाकुणाला ठाऊक होतं?"

नवऱ्याने चहात बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटायचं ना, अहो. म्हटलं, असू दे."

"तुलाही?"

"हा म्हणाला होता एकदा."

बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. राग नव्हता तो. तोंडात काहीतरी कुजकं आल्यावर माणसाचा चेहरा होतो, तसा. इतके महिने मी तोच चेहरा आरशात बघत होते.

"म्हणजे मला खेळायला दिलं होतं तुम्ही," ते म्हणाले. "लहान पोराला ताटली-चमचा देतात, वाजव म्हणतात. तसं. मी इथे पोरगी सुखरूप राहावी म्हणून घाम गाळतोय, आणि तुम्ही चहा पिताय."

"बाबा, तसं नाही..." नवरा उठला.

"बस खाली. तू चार वर्षांचा होतास, चाक निखळलं तेव्हा. मागच्या सीटवर झोपला होतास. तुला काय आठवणार!" मग माझ्याकडे वळले. "त्या टायरवाल्याने नट कसे आवळायचे सांगितलं?"

"समोरासमोर. एक वरचा, मग त्याच्या समोरचा खालचा. आणि त्याच्याकडे एक पाना आहे, पुरेसा जोर झाला की कट्ट वाजतो. मग थांबायचं."

"थांबायचं," बाबा म्हणाले. दोन-तीनदा मान हलवली. पाइप त्यांनी फेकला नाही. तो ज्या पलंगाचा होता त्या पलंगाखाली नेऊन ठेवला आणि दार लावून घेतलं. दुपारी जेवायला आले नाहीत.

सोमवारी मी सुट्टी घेतली. गाडी त्याच लांबच्या रस्त्याने हळूहळू नेली. बाबा माझ्याबरोबर टायरवाल्याकडे आले. तो डिस्क बसवण्याआधी ज्या चकतीवर ती टेकते तिथला गंज तारेच्या ब्रशने घासत होता, आणि बाबा वाकून, चष्मा सावरत, एकेक पापुद्रा बघत होते. नट आवळायची वेळ आली तेव्हा टायरवाल्याने पाना त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मागे हात बांधले. "हिला दे," म्हणाले. मी आवळले. समोरासमोर. कट्ट. दर कट्टला बाबा हळूच म्हणायचे, "थांब."

मंगळवारी सकाळी बाबा पुढे बसले, मुंगी मागे, आणि 'मीही येतो, मलाही त्याच बाजूला काम आहे' म्हणत नवरा तिच्या शेजारी. उतार सुरू झाला. मी ब्रेक दाबला.

"आता?" बाबांनी विचारलं.

"नाही."

जरा खाली. परत दाबला.

"आता?"

"नाही, बाबा."

पायाखाली नुसतं पेडल होतं. सपाट, मुकं, निर्जीव. चौकात गाडी पांढऱ्या पट्ट्यांच्या हातभर अलीकडे, पाण्यात होडी टेकावी तशी थांबली. मुलं ओलांडू लागली.

मागून नवरा पुढे झुकला. त्याचा श्वास माझ्या मानेवर आला. "बघ," तो म्हणाला, "म्हटलं होतं ना, एवढं काही नव्हतं. झालं आता समाधान?"

मी आरशात पाहिलं नाही. माझा पाय ब्रेकवर होता, आणि तो मला तिथून हलवायचा नव्हता.

बाबांनीही मान वळवली नाही. समोर बघतच म्हणाले, "तू इथे उतर."

"काय?"

"उतर आणि चालत जा. गाडीतलं वजन कमी झालं की ब्रेक आणखी चांगले लागतात."

नवरा हसला. कुणी हसलं नाही, म्हणून मग थांबला. मागे दाराचा खटका वाजला.

"बाबा गेला," मुंगी म्हणाली.

"पट्टा बघ तिचा, नीट लागलाय का," सासरे मला म्हणाले. मी मागे वळून बघितला. लागला होता. तरी परत एकदा ओढून बघितला, आणि या वेळी कुणीही मला जरा जास्तच म्हणालं नाही.